गार होऊ द्या

मिरजगावच्या आमच्या मेकॅनिकला घाईची चीड आहे. माझी मोटारसायकल सकाळी एका किकेत चालू व्हायची, पण गरम असली की दहा किका घ्यायची. त्यानं चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. "टॅपेटची टिकटिकच न्हाई. टाइट हाय, सर, व्हॉल्व्हची फट मिटलीया. गार होऊ द्या. गरम इंजिनाचं टॅपेट मी सेट करत न्हाई." चार तास मी बाकावर त्याचं धीरावरचं प्रवचन ऐकलं. गाडी मात्र सुधारली.

त्याच संध्याकाळी तो स्वतःची गरम गाडी उतारावर ढकलून चालू करताना दिसला.

"हिचंही टॅपेट?" मी विचारलं.

"व्हय. वरीस झालं."

"मग करत का नाही?"

"हिला गार व्हायला कोन थांबतंय, सर?"