फोनवरची हाळी

मी फौजेत होतो म्हटलं की तलवाड्याच्या हॉटेलात लोक खुर्च्या सरकवून जवळ बसतात. रणगाडा चालवला का? तोफ? मी म्हणतो, खेचर. खुर्च्या परत मागं जातात.

पण त्या खेचरासारखा शिपाई मी पाहिला नाही. मादी होती. पाठीवर पीठ, रॉकेल, दारूगोळा घेऊन बर्फातल्या चौकीवर चढायची. एकदा साहेबानं भलतीच वाट दाखवली, तर ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली. शेवटी साहेबानं नकाशा तपासला, तो उलटा धरलेला. हे खोटं वाटलं तर वाटू द्या, पुढचं मात्र जसंच्या तसं आहे.

आम्ही मेंढरांमागं फिरणारे. मेंढरांना घालतो तीच हाळी मी तिला घालायचो, जीभ टाळूला लावून, 'हिर्र्यो'. दुसऱ्या कशावर ती पाऊल उचलत नसे. मी रिटायर झालो आणि बाईनं संप केला. माझ्या जागी आलेल्या लातूरकडच्या जवानाचा तळावरून फोन आला.

"अण्णा, हलंना ही. असंच राहिलं तर निकामी म्हणून काढून टाकतेत."

मी तेव्हा कपिलधारच्या वरच्या माळावर होतो. त्याला फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि हाळी दिली. तिकडं ती चालू लागली. इकडं मेंढरांचं सगळं खांड माझ्या अंगावर.

तेव्हापासून जेवताना फोन, झोपताना फोन. भाच्याच्या लग्नात हाळी दिली तर नवरदेव दोन पावलं पुढं सरकला. बायको म्हणायची, "पेन्शनीत गेलात न्हवं? मग ही हाजरी कावून?" तिचं खरं होतं. गुडघे पहाडात राहिले, घसाही बसत चालला होता.

यंदा हॉटेलातल्या टीव्हीवर फौजेच्या बजेटचा आकडा सांगितला. इतका लांब, की सांगणाऱ्या पोरीला मधे श्वास घ्यावा लागला.

"ह्यातलं तुझ्या खेचराला किती बे?" शेजारच्यानं विचारलं.

"हरभरा," मी म्हणालो. "आन् मीठ."

तेवढ्यात पडद्यावर एक बिनमाणसाचं उडतं यंत्र आलं. त्यानं चौकीवर अलगद पोतं उतरवलं. सगळे वा वा म्हणाले. माझा चहा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात फोन आला. "अण्णा, आमची खेचरं खाली पाठवायलेत. ट्रक लागलाय, ही फळीवर चढंना."

"खाली म्हंजी कुठं?"

"ते न्हाई सांगितलं." मग म्हणाला, "न्हाई चढली तर दोर लावून ओढणार हायेत."

दोरानं ओढलेलं खेचर मी पाहिलेलं आहे. मी मेंढरांपासून लांब गेलो आणि हाळी दिली. आवाज फाटला. पुन्हा दिली. फळीवर खूर वाजले, मग साखळी लागल्याचा आवाज आला.

"चढली, अण्णा."

"तिच्या डाव्या अंगाला दुसरं जनावर बांधू नको," मी म्हणालो. "चावती."

तो बरं म्हणाला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, तरी मी फोन कानालाच धरून होतो. शेवटी त्यानंच ठेवला.