मास्तरांचा ऑटम

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका शब्दांवर जीव टाकणारा माणूस सबंध सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं! लोक पाहुण्याला पाणी विचारतात, मास्तर शब्दाचं मूळ विचारत. त्यातून लाडका शब्द एकच, ‘ऑटम्नल’. शाळेत इंग्रजी शिकवायचे, वर एका पाद्रीबाबांकडून लॅटिन शिकलेले, मग काय विचारता! ‘ऑटम्नल म्हणजे शरद ऋतूतलं’ एवढ्यावर थांबतील तर शपथ. ‘मूळ लॅटिन ऑटम्नस! आणि त्याच्या पोटात आउगेरे, म्हणजे वाढणे! इंग्रज बसू देत गळणारी पानं बघत, हा भरभराटीचा ऋतू आहे!’ कोशकारांनी या व्युत्पत्तीवर शंका घेतली होती. मास्तरांनी कोशातल्या त्या ओळीवर काट मारून त्यांना नापास केलं. दुधाचा गवळीसुद्धा सुटला नाही. ‘व्हय मास्तर, वाढणं तर वाढणं, पन भांडं आना की!’ म्हणून बिचारा दारात ताटकळायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मास्तरांना गोदू नावाची एकुलती एक, आईवेगळी मुलगी होती. तिला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मास्तर पोह्यांच्या आधी ‘ऑटम्नलचं मूळ काय?’ हाच प्रश्न घालायचे. उत्तर आलं नाही की पानाचं तबक पुढे सारायचे, म्हणजे आता निघा! एक वकील तर चपला घालता घालता भांडला. गोदूच्या बरोबरीच्या मुलींच्या कडेवर पोरं आली. ‘त्या मेल्या लॅटिनपायी पोरगी घरात राहणार,’ म्हणून माझी बायको चरफडायची. मलाही रात्रंदिवस तीच धास्ती.

शेवटी होटगी स्टेशनावरचा तारबाबू आला, करकंबच्या मामांना घेऊन. मला शेजारी म्हणून बसवलं होतं. प्रश्न आला. मुलगा सरळ म्हणाला, ‘ठाऊक नाही. आपण सांगाल तर ऐकेन.’ मास्तरांनी मान हलवली आणि तबक सारलं. झालं, म्हटलं, हाही गेला! तेवढ्यात गोदू पोहे घेऊन आली. कुणी विचारल्याशिवाय मुलीनं तोंड उघडायचं नाही ही आमची रीत, पण तिनं ताट धाडकन ठेवलं. ‘ऑटम्नस, आउगेरे, वाढणे. बाबा, मला येतं उत्तर. एका संसारात एकाला आलं म्हणजे पुरे!’

‘पोरगी लई बोलती की!’ मामा दचकले.

‘मामा, मला पसंत आहे,’ तारबाबू हसत म्हणाला.

मास्तर लेकीकडे बघतच राहिले. इतकी वर्षं वर्गात जे कुणाला आलं नाही, ते स्वयंपाकघरात बसून तिनं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. त्यांनी हळूच तबक मागे ओढलं आणि पोहे पुढे केले.

दर दिवाळीला गोदू माहेरी यायची. मास्तर पहाटेच स्टेशनावर हजर. वाटेत भेटेल त्याला सांगायचे, ‘बघा, लॅटिन खोटं बोलत नाही. या दिवसांत वाढच होते, घरातली माणसं वाढतात!’

पाडवा झाला की होटगीची गाडी तिला घेऊन जायची. मास्तर ओट्यावर बसून राहायचे. त्यांना बोलतं करावं म्हणून मी मुद्दाम विचारायचो, ‘मास्तर, ऑटम्नल म्हणजे काय हो?’

‘पानं गळायच्या दिवसांतलं,’ एवढंच म्हणायचे, आणि उठून आत जायचे.