इस्त्रीवाल्या कर्णाची विक्री

आमच्या गल्लीतल्या इस्त्री दुरुस्त करणाऱ्याला आम्ही कर्ण म्हणायचो. तोंडावरसुद्धा. माणूस हुशार, पण कुणाकडे पैसे मागायचे म्हटलं की बिचाऱ्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्याने एक अफलातून इस्त्री बनवली होती. मुठीवरचा हात सुटला की खालून तीन पाय निघायचे आणि इस्त्री आपोआप कापडावरून उचलली जायची. एकेक हातानं घडवायची म्हणजे जीव मेटाकुटीला. साचा झाला असता तर धडाधड निघाल्या असत्या. पण साच्याचा खर्च ऐकूनच तो खाली बसला होता.

मग सरकारी योजना आली. नव्या वस्तूच्या विक्रीतून जेवढे जमवाल, तेवढीच भर सरकार घालणार. कर्णाने अर्ज केला, आणि एका सकाळी तपासणीला अधिकारी बाई त्याच्या दुकानात हजर. गंमत बघायला मी होतोच. शेजारचा शिंपीही कात्री हातात घेऊन आला.

बाईंनी इस्त्री चालवून पाहिली. खूश झाल्या. "छान! विक्री किती झाली?"

"एकही नाही," कर्ण छाती फुगवून म्हणाला. "सगळ्या अशाच दिल्या. प्रेमानं."

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, मग सरकार भर कशात घालणार? शून्यात?"

साचा गेला, असं मी मनात म्हणतोय, तोवर शिंपी उसळला. "अशाच? ए कर्णा, मी रोख मोजलेत!"

"कुणाला?"

शिंप्याने कात्रीच दाराकडे रोखली. दारात कर्णाची बायको. वहिनी शांतपणे आत आल्या आणि दुकानाच्या खात्याचं, कर्णाने कधी न उघडलेलं पासबुक बाईंसमोर ठेवलं. "हे इस्त्री पोहोचवून यायचे, मी मागाहून पैसे घेऊन यायचे. सगळ्यांना बजावलं होतं, यांना कळू देऊ नका. देण्यातच यांचा आनंद."

कर्ण मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे मी कुणालाच काही दिलं नाही?" त्याची नजर माझ्याकडे वळली. "काका, तुम्हीसुद्धा?"

"मी घासाघीस करून पाहिली रे," मी म्हटलं. "वहिनी ऐकतात का!"

"केवढ्याला घेतलीस?" त्याने शिंप्याला विचारलं. आकडा ऐकून तो आणखी हादरला. "एवढे? अगं, लुटलंस त्याला!"

"लुटलं कसलं?" शिंपी म्हणाला. "महिन्याला दोन कोट जाळायचो मी. अजून दोन इस्त्र्या हव्यात."

बाईंनी कागद पुढे सरकवला. "विक्री मान्य असेल तर सही करा. नाहीतर मी निघते."

कर्णाने पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. एवढा मोठा दाता, आणि एका सहीत दुकानदार व्हायचं! शेवटी त्याने पेन वहिनींपुढे धरलं. "विकणारी तू. आधी तू कर."

वहिनींनी केली. त्याखाली याने. मग एकदम मान वर करून म्हणाला, "आणि आपल्या घरातली इस्त्री? तिचे कुणी दिले?"

"मी भरले," वहिनी म्हणाल्या. "सरकार भर घालणार म्हटल्यावर सोडते की काय!"

बाईंनी मान वर न करताच विक्रीतला एक आकडा खोडला.