बंद घराची हरकत

समोरच्या चाची जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांचा नळ अजून उघडाच आहे.

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून चाची तोटी मोकळी सोडायच्या आणि खाली एक पातेलं पालथं घालून ठेवायच्या. धार पातेल्यावर पडली की आवाज गल्लीभर. त्या गेल्या, मुलगा-सून कुलूप लावून पुण्याला गेले, किल्ली माझ्याकडं दिली, आणि नळाचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी तव्यावरची पोळी टाकून दारात आले. कुलूप जसंच्या तसं, आणि आत पातेलं वाजतंय. खोटं कशाला सांगू, मागं फिरून आतून कडी लावून घेतली मी.

चाची उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या. माझ्या नात्याच्या ना गोत्याच्या, पण माझ्यावर हक्क सख्ख्या चुलतीसारखा. त्यांना एक नाद होता. महापालिकेची सभा असली की पास काढून वरच्या गॅलरीत जाऊन बसायचं. गल्ली हसायची. एकदा मलाही ओढून नेलं. खाली नगरसेवकांचा नुसता गलका, मला काही कळेना. म्हटलं, "चाची, आपण इथं बसून काय उजेड पाडणार?" त्या म्हणाल्या, "थांब गे जरा." तेवढ्यात आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं मान वर केली, चाचींना पाहिलं, आणि उठून आमच्या ड्रेनेजचा प्रश्न विचारला! मला हसू आवरेना. चाची गंभीर. "उसकू मालूम होना, ऊपर कोई बैठा है," म्हणाल्या. "बाकी कुछ नक्को."

पुढं नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आले. मी चिडवलं, आता कोणाकडं बघत बसता? "जो खुर्ची पे बैठा, उसकी तरफ," त्या म्हणाल्या, आणि अर्ज घेऊन अधिकाऱ्यांच्या भेटीच्या वेळेला जायला लागल्या.

मग शहराचा नवा विकास आराखडा लागला. चाची नकाशा बघून आल्या आणि चहालाही थांबल्या नाहीत, सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बोटानं रेघ ओढली. गल्लीच्या तोंडाशी आमची दोन घरं समोरासमोर. रस्ता रुंद करायची रेषा दोन्ही घरांतून गेली होती. त्यांची पुढची खोली जाणार आणि माझा हाच ओटा. माझं डोकं फिरलं. "येऊ तर द्या पाडायला, बघतेच एकेकाला!"

"चिल्लाना नक्को. लिखके दे."

आराखडा कच्चा असतो, ठरलेल्या मुदतीत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतं, मग सुनावणीला बोलावतात, हे मला त्या दिवशी कळलं. हरकत चाचींनीच लिहिली. खाली सगळ्या गल्लीनं सह्या ठोकल्या. पहिली त्यांची, दुसरी दटावून माझी घेतली.

इथंच आमची गल्ली चुकली. लग्नात आहेर एकाच्या नावावर द्यायचा आणि बाकीच्यांनी नुसतं जेवायला जायचं, तशी आमची सवय. प्रत्येक घरानं आपापली हरकत आपल्या शब्दांत दिली असती, तर प्रत्येकाला बोलावणं आलं असतं. आम्ही दिली एकच. तिच्यावर पहिलं नाव चाचींचं, आणि सुनावणीच्या आधीच चाची गेल्या. बोलावणं आलं असणार ते त्या कुलपापाशीच.

मला कळलं ते औरंगपुऱ्यात भाजी घेताना. पलीकडच्या गल्लीतली बाई म्हणाली, "उद्या सुनावणी हाय ना तुमची? आमची बी हाय की." पिशवी तिथंच राहिली माझी.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकांवर दाटीवाटीनं बसलो होतो. दारातला शिपाई नावं पुकारत होता. चाचींचं पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कोणी उठलं नाही. त्यानं परत पुकारलं. माझी मान आपोआप दाराकडं वळली. देवाशपथ, मला वाटलं आता ओढणी सावरत त्या आत येतील. तिसऱ्यांदा नाव आलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "हजर."

"आपणच का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. त्या वारल्या. दुसरी सही माझी आहे."

माणूस भला होता. सही तपासली आणि म्हणाला, बोला. मी तोंड उघडलं तर शब्द आले, "साहेब, मैं लंबा नहीं बोलूंगी." मी हिंदी बोलत नाही हो! हे चाचींचं बोलणं होतं. मग सावरून सांगितलं की, स्वयंपाकघर गेलं तर मागं एकच खोली उरते, माणसं राहायची कुठं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग नकाशातल्या समोरच्या घरावर बोट ठेवलं. "आणि इथं कोण राहतं?"

"बंद आहे," मी म्हणाले. "कोणी नाही राहत."

त्यांनी ते लिहून घेतलं.

सुधारलेला नकाशा लागला तेव्हा माझ्या घरातली रेषा पुसली गेली होती. ती पूर्ण समोर सरकली होती. चाचींची पुढची खोली, मधलं घर, मोरी, सगळं तिच्याखाली. गल्लीनं मला पेढा भरवला. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं मी, तरी समोर बघायची हिंमत होईना. संध्याकाळी नळ वाजायला लागला. आज बंद करूनच टाकते, म्हणून कुलूप उघडलं, तोटीला हात लावला. फिरवायला मन धजेना. रडत रडत तिथंच बसले. मग त्याखाली घागर लावली, भरून घेतली, आणि पातेलं होतं तसं पालथं ठेवून आले.

बदललेल्या रेषांवरही परत हरकत घेता येते. या वेळी मी घरोघर जाऊन भांडले, एका अर्जावर सह्या मारून मोकळं व्हायचं नाय म्हणून. प्रत्येकानं आपली वेगळी दिली. चाचींच्या मुलानं पुण्याहून पाठवली आणि बोलायचा अधिकार मला लिहून दिला. माझी स्वतःची हरकतही त्याच घरासाठी आहे.

उद्या सुनावणी. आज सकाळी भाकरी थापताना तोच प्रश्न डोक्यात: इथं कोण राहतं? साहेब विचारणार, आणि मी काय सांगणार? विचारात भाकरी करपली.

तेवढ्यात समोर पातेलं वाजलं. दारं उघडली, हंडे-कळशा बाहेर आल्या, आणि नेहमीसारखी गल्लीत आरोळी उठली, "चाचीकडं पाणी आलं गं, चाचीकडं पाणी आलं!"

मी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत राहिले. बंद घरात पाणी आलं, असं आमच्या गल्लीत आजवर कोणीही म्हटलेलं नाही. उद्या साहेबांना मी हेच सांगणार आहे.