चंपतकाकांचा फोन कोणी उचलत नाही

चंपतकाकांचा फोन आला की आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या लोकांचे बाहेरगावचे नातेवाईक आधी बसायला खुर्ची शोधतात.

काकांची गल्लीच्या तोंडाशी आटाचक्की आहे. माणूस साधा, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. पण कोणाकडे मयत झाली की बाहेरगावच्या नातेवाइकांना कळवायचं काम त्यांचं. रडत नाहीत, अडखळत नाहीत, म्हणून. चक्की बंद करायची, घसा खाकरायचा आणि आवाज लोण्यासारखा मऊ करायचा. "हॅलोऽऽ... मी चंपतराव बोलून राहिलो. जेवण झालं का?" जेवणाचं आधी, कारण बातमी कळल्यावर माणूस जेवत नाही. मग हळूच, "बाबाची तब्येत जराशी सिरियस आहे. निघा तुमी. गाडी हळू चालवजा." खरं काय ते तोंडातून काढायचंच नाही. समोरच्यानं समजून घ्यायचं. अन् सगळे समजतातच.

गेल्या मार्चात हीच सवय त्यांच्या अंगाशी आली.

नानाजी म्हणजे काकांचे उमरेडच्या शाळेपासूनचे दोस्त. रिटायर झाल्यावर ज्येष्ठांच्या ग्रुपसोबत व्हिएतनामला गेले होते, जन्मातलं पहिलं विमान. ते तिकडे, अन् इकडे त्यांचे मोठे भाऊ बाबाराव छातीत दुखलं म्हणून नागपूरच्या दवाखान्यात, आयसीयूत. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बाबारावांनी तोंडावरचा मास्क सरकवून एवढंच विचारलं, "नाना कुठं आहे?"

कळवायचं कोणी? चंपतकाकांनी.

सकाळपासून ते फोन लावत होते. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. "अर्जंट आहे, फोन कर," असा मेसेज टाकला. त्यावर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही.

"वाचून तं राहिला! मंग उचलून काहून नाही राहिला?" काका दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

आई डबा घेऊन गेली होती, मी सोबत. आई म्हणाली, "काका, तुमचं नाव दिसते म्हणून भेत असतील ते."

काका जागच्या जागी थांबले. मग आईच्या फोनवरून लावला. लगेच उचलला. मागे बायामाणसांचा गलका, पाण्याचा आवाज.

"हां वंदना, बोल बेटा! आम्ही नावेत आहो."

काकांनी आईच्या हातून फोन घेतला. अन् घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे रोजचं तेच निघते. घसा खाकरला. "हॅलोऽऽ... मी चंपतराव. जेवण झालं का?"

पलीकडे नानाजींनी बायामाणसांना चूप केलं.

"कोण गेलं?" नानाजींनी विचारलं.

"कोणी नाही गेलं गा! बाबारावची तब्येत जराशी..."

"सिरियस आहे." वाक्य नानाजींनीच पुरं केलं आणि रडायला लागले. "दादा गेला माह्या!"

"जिवंत आहे!"

"मंग दे त्याले फोन."

"आयसीयूत आहे. अंदर फोन नाही नेऊ देत."

"हेच तं सांगतं तू सगळ्याइले. मले पोचाले दोन दिस लागन चंपत, तोवर कोणी ठेवते का? देऊन द्या अग्नी. मी इथूनच हात जोडतो."

आत बाबाराव दाराकडे डोळे लावून, आणि इकडे भावानं त्यांना सरणावर चढवलंसुद्धा.

"वहिनीले दे," नानाजी म्हणाले.

काकांना वाटलं, सुटलो. बाबारावांच्या घरच्या, प्रेमलताकाकू, बाकावर बसल्या होत्या. त्यांनी फोन कानाला लावला, "नानाभाऊजी" एवढंच म्हणाल्या आणि असा हंबरडा फोडला की आतून नर्स धावत आली.

काकांनी फोन ओढला. लोणी कुठच्या कुठं वितळलं.

"अबे भैताडा! तुहा भाऊ अंदर तुही वाट पाहून राहिला अन् तू नावेत बसून त्याले जाळून राहिला? लाज वाटते का? मास्क काढू काढू विचारते तो, नाना कुठं, नाना कुठं! काय सांगू त्याले? नाव वल्हवून राहिला म्हणू? ये लवकर गधड्या, नाही तं मी तिथं येऊन तुले पाण्यात ढकलतो!"

"आजोबा, आवाज कमी," वॉचमन म्हणाला.

"तू चूप बे!"

मग नानाजींचा बारीक आवाज आला, "तू मले शिव्या देऊन राहिला."

"हो! अजून पाहिजे?"

"मयतीवाल्याले कोणी शिव्या नाही देत." नानाजींनी नाक ओढलं. "म्हणजे दादा आहे."

"आहे गा बाप्पा. पण किती वेळ, ते नाही सांगता येत."

"निघतो मी."

खरी भीती त्यानंतरची. विमानात नानाजींचा फोन बंद. चक्की बंद. आयसीयूचं दार वाजलं की काका उठून उभे, नर्सच्या तोंडाकडे बघत. पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. आईला म्हणाले, "आता मधातच याले काही झालं तं नाना जन्मभर म्हणन, चंपत खोटं बोलला. आजपर्यंत खोटंच बोललो वं, कोणी नावं नाही ठेवली. आज खरं बोललो तं भेव वाटून राहिलं."

नानाजी आले ते गळ्यात ग्रुपचं कार्ड लटकलेलं, दाढी वाढलेली, विमानात बसून पाय सुजलेले. काकांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आत. काका दाराच्या फटीला कान लावून उभे. आधी नुसती मशीनची टीं टीं.

मग बाबारावांचा खरखरीत, ओढून आणलेला आवाज. "आला का बे? पाय काहून सुजले तुहे?"

काका दाराशीच, भिंतीला पाठ घासत, खाली बसले.