कूपन दोघांचं होतं

आमच्या दुकानात रंगाचे डबे, खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या असं सगळं मिळायचं आणि वर माडीवर आम्ही राहायचो. दोन खोल्या. पुढच्या खोलीत स्वयंपाक, देव, टीव्ही आणि येणारी-जाणारी माणसं. मागच्या खोलीला मधोमध प्लायवूड ठोकलेलं. त्याच्या अलीकडे आम्ही नवरा-बायको, पलीकडे माझ्या सासूबाई आणि आमची दोन मुलं. सासूबाईंना मी अत्ती म्हणायचे; आमच्या लिंगायत घरात निम्मी नाती कानडीतूनच आलेली. प्लायवूड दुकानातलंच होतं, त्यामुळे चांगल्यापैकी होतं. पण शेवटी प्लायवूडच ते, पलीकडे मुलानं कूस बदलली तरी अलीकडे कळायचं.

कोल्हापूरचा माणूस हळू बोलत नाही, हे जगजाहीर आहे. आमच्या गल्लीत दोन बायका कोथिंबिरीचा भाव बोलू लागल्या तर परगावच्याला मारामारी होणार असं वाटायचं. आणि मी मात्र लग्नाला पंधरा वर्षं होत आली तरी नवऱ्याशी मोठ्यानं बोलले नव्हते. चारचौघांत ‘अहो, दळण आणायचंय’ एवढंच. बाकी आमचं म्हणून जे काही असेल ते कुजबुजत. भांडणसुद्धा कुजबुजत. कुजबुजत भांडताना राग धड बाहेर पडत नाही, आणि हसू आलं तर उशी तोंडावर धरावी लागते. एकदा तरी दाराला कडी लावून, दिवसाउजेडी, या माणसाशी पोटभर मोठ्यानं बोलावं, एवढीच माझी हौस होती. ती बोलून दाखवायचीसुद्धा मला लाज वाटायची.

घरात मोकळा आवाज एकट्या अत्तींचा. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की खालून हाळी यायची, "आलोऽऽ की गं!" स्वतःच्याच घरात! मग खाकरायचं, बादली आपटायची, ‘शिवा शिवा’ म्हणत एकेक पायरी वाजवत वर यायचं. दुकानातली गिऱ्हाइकं मान वर करून बघायची आणि मी वर ओशाळी होऊन बसायचे. "तुमची आई येती का वरात येती?" असं मी नवऱ्याला कितीदा तरी विचारलं असेल. तेही कुजबुजतच.

आमचं लग्न नव्वदनंतर लगेचचं. तेव्हा हनिमून म्हणजे जोतिबा आणि नरसोबाची वाडी, बरोबर जीपभर माणसं. मी चाकाच्या वर बसले होते आणि हे पुढे ड्रायव्हरशेजारी. वाडीच्या घाटावर आमचा दोघांचा म्हणून एक फोटो काढला, त्यातही कडेला धाकट्या दिराचा हात आलाय. त्यानंतर दोघांनी मिळून कुठं जायचा प्रश्नच आला नाही.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर एका दिवाळीआधी रंगाच्या कंपनीनं दुकानदारांसाठी स्कीम काढली. एरवी स्कीममध्ये प्रेशर कुकर यायचा, फार तर सुटकेस. या खेपेला कूपन आलं. नाशिकच्या बाजूला द्राक्षमळ्यात रिसॉर्ट, दोन रात्री, फक्त दोघांसाठी. सोबत गुळगुळीत कागदावर चित्र होतं. हिरवेगार वेल, लगडलेले घड आणि त्यांच्यामध्ये एक जोडपं हातात वाइनचे पेले धरून हसतंय. बाईच्या अंगात बिनबाह्यांचं काहीतरी. मी ते चित्र आधी पोळपाटाखाली आणि मग तांदळाच्या डब्यात ठेवलं, आणि दिवसातून दोनदा तरी तांदूळ निवडायला काढले.

घरात सांगितलं, की कंपनीची मीटिंग आहे, दुकानदारांच्या बायकांनाही बोलावलंय, येताना त्र्यंबकेश्वर करून येऊ. मुलांची रवानगी इचलकरंजीला नणंदेकडे झाली. सगळं जमून आलं होतं, आणि मग माझी जीभ आडवी आली.

आमच्याकडे पानावर बसलेलं असताना कुणी दारात आलं तर ‘या जेवायला’ म्हणतात. आलेला ‘आत्ताच झालं’ म्हणतो आणि विषय मिटतो. त्याच चालीवर मी अत्तींना म्हटलं, "तुम्ही पण चला की, अत्ती."

अत्ती शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात झटकले. "येतो की," त्या म्हणाल्या. "त्र्यंबकाचं नाव काढलंस, आता न्हाय कसं म्हणू?"

त्या रात्री प्लायवूडच्या अलीकडे माझी जी हजेरी घेतली गेली, ती कुजबुजीतली आमची सगळ्यात मोठी. "तुला कुणी सांगितलं होतं आगाऊपणा करायला?" हे दात-ओठ खाऊन विचारत होते. बोलावलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं, हे मला अजून येत नाही.

शुक्रवारी पहाटे दुकानाच्या मारुती व्हॅनमधून निघालो. व्हॅनला कायमचा थिनरचा वास. अत्तींना गाडी लागते म्हणून त्या पुढे ह्यांच्या शेजारी. मी मागे कडक भाकऱ्यांचा गठ्ठा, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा सांभाळत. वाडीला जाताना होते तशीच, चाकाच्या वर.

संध्याकाळी पोचलो तर काउंटरवरचा तरुण कूपन बघून आमच्याकडे बघतो, आमच्याकडे बघून कूपनकडे बघतो. "सर, हे कपलसाठी आहे," तो हळूच म्हणाला. दुसरी खोली शिल्लक नव्हती. शेवटी खोलीत एक जादा गादी टाकून द्यायचं ठरलं. तोवर अत्ती मागे उभ्या राहून भिंतीलगतची भलीमोठी लाकडी पिंपं न्याहाळत होत्या.

खोलीचं दार उघडलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मधोमध ऐसपैस पलंग. त्यावर पांढऱ्या टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून, आणि सभोवती गुलाबाच्या पाकळ्या. काचेचं दार असलेल्या छोट्या फ्रिजमध्ये फीत बांधलेली वाइनची बाटली.

"अगं बया!" अत्तींचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला. "कुणाचं लगीन हाय व्हय हितं?"

सामान आणणारा माणूस खाली बघून हसला. ह्यांनी उगाचच पंखा चालू केला, तशा पाकळ्या उडाल्या. अत्ती म्हणाल्या, "फुलं का म्हणून वाया घालवायची? उद्या पूजंला हुतील," आणि पदर पसरून सगळ्या पाकळ्या गोळा करू लागल्या. अंथरुणावरची फुलं पूजेला चालत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण ती फुलं कशासाठी आहेत हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? मीही वाकून चार वेचू लागले. मग त्यांनी दह्याचा डबा फ्रिजमध्ये ठेवला, बाटली आडवी येत होती ती उचलून खाली ठेवली. रात्री त्या आणि मी पलंगावर झोपलो, हे खाली गादीवर. असा आमचा कपलचा पहिला मुक्काम पार पडला.

सकाळी पडदा सरकवला आणि माझ्या शरमेत भर पडली. मळ्यात घड तर नव्हतेच, पानसुद्धा नव्हतं. तारांवर छाटलेल्या उघड्या काड्या, लांबवर. दसरा झाला की बाग छाटतात, घड येतात ते थंडी सरता सरता. मी तासगावकडची पोर. ऑक्टोबरच्या छाटणीत शाळेला दांडी मारून काड्या गोळा केल्यात मी. आणि एका गुळगुळीत चित्रापायी मला माहेरचं शेत आठवू नये? माझा चेहरा बघून हे काय ते समजले. "चित्र उन्हाळ्यातलं असेल," ते म्हणाले. मी म्हटलं, "चित्र परदेशातलं असेल."

दुपारी पेल्यात थोडी थोडी वाइन ओतून चाखवतात, तिथं सगळ्यांना नेलं. पुण्या-मुंबईची जोडपी होती, नीटनेटकी, हळू बोलणारी. आम्ही घरून ठरवून आलो होतो की एकेक घोट घ्यायचा. कोण बघणार आहे? आता बघायला अत्ती होत्या, कपाळाला भस्माची बोटं लावून, अगदी पुढे. माहिती सांगणारा मुलगा पेला गोल फिरवून वास कसा घ्यायचा ते दाखवत होता. अत्तींनीही दिलेला पेला फिरवला.

"पावणं," त्या म्हणाल्या, "कसला म्हणायचा ह्यो रस?"

त्यानं सांगितलं, द्राक्षाचाच आहे आजी, मुरवलेला असतो.

"म्हंजे दारूच की रं!"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. ह्यांची मान लाल झाली. आणि मी? मी दोन पावलं बाजूला सरकले. पुण्याच्या एका बाईशेजारी जाऊन उभी राहिले आणि तिच्यासारखंच बारीक हसले, जणू या म्हातारीची नि माझी ओळखच नाही. अत्तींनी पेला ठेवून मागे वळून मला शोधलं. त्यांना मी दिसले, कुठं उभी आहे तेही दिसलं. आमचे दोन पेले कट्ट्यावर भरलेलेच राहिले.

उन्हं कलली तेव्हा आम्ही तिघं खोलीच्या पायरीवर बसलो होतो. फाटकाजवळ वॉचमनची केबिन, तिथं एक खुर्ची रिकामी. अत्ती एकदम उठल्या.

"मी जरा तिकडं बसतो," त्या म्हणाल्या. "हितं दम कोंडतोय."

मी म्हटलं, "मी येते की बरोबर."

"तू कशाला? माझं गुडघं मोकळं व्हायला पायजेत. तुम्ही दोघं पडा जरा." चार पावलं गेल्यावर त्या वळल्या. माझ्याकडे न बघता, शालीचा पदर नीट करत म्हणाल्या, "आतनं कडी घाल. वारं हाय."

वारं कुठलं. बाहेर पान हलत नव्हतं, मळ्यात तर पानच नव्हतं.

मी कडी घातली. पदर सावरला, नव्या नवरीसारखा. दिवसाउजेडी, बंद दाराआड, आम्ही दोघं. ज्यासाठी आले होते ते हातात होतं. हे एका खुर्चीवर बसले, मी दुसऱ्या. पलंगाकडे दोघांनीही बघितलं नाही.

आणि बाहेरून आवाज आला.

"पावणं, गाव कंचं म्हणायचं तुमचं?" वॉचमन काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. अत्ती मात्र शब्द न् शब्द ऐकू येत होत्या. कोल्हापुरातला गूळ, उसाची तोड, त्यांच्या सासूचा स्वभाव, त्र्यंबकाला उद्या किती वाजता निघायचं. श्वास घ्यायलाही थांबत नव्हत्या. समोर एकच माणूस आणि आवाज भरल्या बाजारातला.

"अहो," मी कुजबुजले, "आता तरी मोठ्यानं बोला की."

"तू बोल," हे कुजबुजले.

दोघांनाही हसू आलं, आणि सवयीनं मी पदर तोंडाला लावला. पंधरा वर्षांत घसा मोठ्यानं बोलायचंच विसरला होता. मी चिडून म्हटलं, तेही हळूच, "ऐका तुमच्या आईचं. सगळ्या रिसॉर्टला आज कोल्हापूर पाठ होणार. लहानपणापासून असंच का हो?"

ह्यांनी खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाले, "न्हाय गं. आई आधी अशी नव्हती. बाबा असताना तिचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा न्हाय. हे जिन्यावर ओरडणं वगैरे तू घरात आल्यापासूनचं."

ते सहज बोलले. त्यांना त्यात काही दिसलंच नव्हतं. मला दिसलं. जिन्याची पहिली पायरी. ‘आलोऽऽ की गं!’ आपटलेली बादली, ते खाकरणं, ती वाजवत चढलेली एकेक पायरी. आम्हाला सावरून बसायला, पदर नीट करायला, लांब सरकायला तेवढाच वेळ मिळायचा. दाराला कडी लावायची सोय नव्हती त्या घरात, म्हणून ती बाई स्वतःच कडी झाली होती. आणि त्याच आवाजाची लाज वाटून मी आज दुपारी दोन पावलं बाजूला सरकले होते.

आत्ताही ती तेच करत होती. मी इथं आहे, फाटकाजवळ, लांब आहे, हे आम्हाला सांगत होती. कोरड्या पडलेल्या घशानं.

मी रडले. ह्यांना वाटलं, वेळ वाया गेला म्हणून रडते. ते उठले, माझ्या खुर्चीजवळ खाली बसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच होतो. एवढंच आमचं झालं, पण ते झालं. बाटली तशीच फीत बांधलेली राहिली. दार उघडायला मी गेले तर अत्ती अजून बोलत होत्या. आवाज फाटला होता.

रविवारी त्र्यंबकेश्वराचं दर्शन घेतलं. अत्तींनी काय मागितलं ते विचारायची माझी छाती झाली नाही. परतीच्या वाटेवर त्यांना मी म्हटलं, "घसा बसलाय, गरम पाणी घ्या." त्या म्हणाल्या, "हवा लागली असंल." दोघीही खिडकीबाहेर बघत होतो.

सोमवारी दुपारी हे जेवायला वर आले होते, मुलं शाळेत. खालून बसका, फाटका आवाज आला, "आलोऽऽ की गं!" एरवी मी कपाळाला आठी घातली असती. त्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी जाऊन मी भल्यामोठ्यानं ओरडले, "या की, अत्ती! दार उघडंच हाय!"

त्या वर आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. हातातली बादली घेतली आणि आत गेले.