पिवळी आई, तपकिरी पिल्लं

आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्यातल्या पहिल्या दोन बादल्या माशांच्या. ड्रम, हंडे, कळश्या सगळं नंतर. नवऱ्याचं हे खूळ मी सात वर्षं सोसते आहे. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतून दमून आलेला माणूस चहाला हात लावायच्या आधी फिश टँकला नाक लावतो!

गेल्या वर्षी त्यानं गुलमंडीजवळच्या दुकानातून काचेला चिकटून शेवाळ खाणाऱ्या सकर माशांची जोडी आणली. नर तपकिरी, अंगभर ठिपके, नाकावर मिशांचं रान. मादी हळदीसारखी पिवळी. निदान निम्मी पिल्लं तरी पिवळी होणार, हे त्यानं परस्पर ठरवलं आणि कंपनीत चारचौघांना कबूलही करून टाकली. बाजारात तुरी! टँकमध्ये ठेवलेल्या मडक्यात अंडी पडली, नर पंख हलवत राखण करत बसला आणि पिल्लं निघाली ती झाडून सगळी तपकिरी. "बदलेल रंग," म्हणत हा महिनाभर टॉर्च मारून बघत होता. शेवटी म्हणाला, "पिल्लं दुकानात देऊन टाकू."

सासूबाई काचेजवळ वाकल्या. "समदी बापावर गेली की गं. आईचा रंग घ्यायला काय झालं होतं यांना?"

हेच वाक्य बारा वर्षांपूर्वी त्यांनी दवाखान्यात माझ्या लेकीला मांडीवर घेऊन म्हटलं होतं. मी गोरी, नवरा काळा, लेक सावळी. माझं डोकंच फिरलं. "माशांना तरी सोडा! रंगावरून लेकरं देऊन टाकतात का कुणी?" नवऱ्यानं टॉर्च विझवला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच तावात स्वयंपाकघरात गेले. रविवार होता. दर रविवारसारखं वाटीत डाळीचं पीठ काढलं, हळद टाकली, साय घ्यायला फ्रिज उघडला. लेक दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मग मला दर रविवारी हे कशाला लावतेस, आई?"

"चेहरा मऊ होतो," मी पुटपुटले. ते तिलाही पटलं नाही आणि मलाही. भयंकर लाज वाटली. साय तशीच ठेवली आणि त्या पिठाचं पिठलं टाकलं. हळद जरा जास्तच झाली होती, तरी तिनं दोनदा मागून घेतलं.